पिंपळीतला ओबो मुका झाला

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत मिळून आपल्याइतका तल्लख मेंदू दुसरा नाही, असं दादासो स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणी सांगण्याची वाट बघितली असती तर त्यात हयात गेली असती. नजर घारीची, कान सशाचे आणि नाक असं, की कुणाच्या चहात आलं कमी पडलं तर चौकातूनच कळावं. पिंपळीत एसटीडी बूथच्या मागल्या अंगाला त्यांचं कार्यालय होतं. वर पाटी होती : ‘गुप्तहेर दादासो. सर्व कामे गुप्तपणे केली जातील.’ ही पाटी धावत्या एसटीतूनही वाचता यायची.

म्हस्कू त्यांचा सहायक. पूर्वी तो घरची मेंढरं राखायचा. मेंढरं विकल्यावर वडिलांनी त्याला दादासोंकडे चिकटवला. मेंढरं निदान हाक मारली की वळायची, असं त्याला अधूनमधून वाटे.

त्या रविवारी सकाळी मनिषा रडवेली होऊन कार्यालयात आली. तिचे चुलते, बावड्याचे अप्पा, फौजेच्या बँडमध्ये ओबो वाजवायचे. ओबो म्हणजे सनईचीच साहेबी चुलत बहीण. काळं लाकूड, चकचकीत चाप आणि तोंडात धरायला बोरूच्या दोन पातळ कापांची दोऱ्यानं बांधलेली पत्ती. अप्पांचे दात गेले, पत्ती ओठांत ठरेना, तेव्हा त्यांनी वाद्य पुतणीला दिलं. होळीपासून ती फुंकत होती. आधी नुसती हवा निघाली, मग बदक, मग आजारी बदक. गेल्या आठवड्यात मात्र एकदा क्षणभर स्वच्छ सूर लागला आणि ती स्वतःच दचकली. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

संध्याकाळी अप्पा येणार होते. एक सूर सलग लागला तर ओबो तिच्याकडे राहणार, नाहीतर इंदापूरच्या बँडवाल्याकडे जाणार. आणि पत्ती गायब. कोरडी पत्ती बोलत नाही, म्हणून मनिषानं रात्री ती वाटीभर पाण्यात भिजत घालून ओट्यावर ठेवली होती.

दादासोंनी डोळे मिटले. “आवाज कुणाला नको होता, एवढंच बघायचं. दुपारच्या आत गुन्हेगार हातात देतो.”

आवाज सगळ्या गल्लीलाच नको होता. समोरचे आबासाहेब म्हणाले, ती फुंकायला लागली की म्हस पान्हा चोरते. म्हशीचा जबाब घ्यायला दादासो गोठ्यात गेले आणि गुडघ्यावर लाथ खाऊन आले; मग त्यांनी तिला संशयितांत धरलं. शेजारच्या साखरबाई तर दारातच म्हणाल्या, “म्या न्हाय नेली. पन ज्यानं नेली आसंल त्याला माज्याकडं जेवायला धाडा.”

दादासो म्हणाले, एवढा उघड राग म्हणजे निरपराधीपणाचं ढोंग. थोड्या वेळानं ते म्हणाले, साखरबाई नव्हे, बँडवाल्याचा हस्तक. म्हस्कूनं सुचवलं की आधी जिथनं गेली ती जागा बघावी. हे आपल्या मनात होतंच, असं दादासोंनी सांगितलं.

मनिषाच्या घरी ओट्यावर एक वाटी होती. तिच्या तपकिरी पाण्यात काड्यांचे बारीक तुकडे.

“बघ म्हस्कू, चोरानं पत्तीचे तुकडे केले,” असं म्हणून दादासोंनी पुरावा तपासायला वाटी तोंडाला लावली. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. “इख घातलंय. म्हस्कू, माज्या मागं पाटी उतरवू नगंस.”

म्हस्कू डॉक्टरांना फोन लावायला धावणार, तेवढ्यात मनिषाच्या सासूबाई, छबूबाई, शेणाचे हात धुऊन आत आल्या. वाटी बघून त्यांनी विचारलं, “माजं काडेचिराईत कुणी प्यालं?”

म्हस्कूनं दादासोंकडे बोट दाखवलं. मग छबूबाईंच्याच लक्षात आलं. “तरीच. रोज उपाशीपोटी पिते, पन आजच्या वाटीतलं कडूच लागलं न्हाय. म्हनलं, काडी जून आसंल. फेकायची कशाला, म्हनून नवं पानी वतून उतरंडीमागं ठिवली.”

उतरंडीमागच्या वाटीत ओबोची पत्ती आरामात पडून होती. मनिषानं ती उचलली आणि तिचा बांध फुटला. “आत्याबाई, मला वाटलं तुमीच मुद्दाम…”

“मला आवाज आवडत न्हाय, ह्ये खरं,” छबूबाई म्हणाल्या. “पन तू फुंकाया लागलीस तवापासनं घरात हासतीस. ती मी कशाला चोरू?”

दादासो उठून बसले आणि प्रकरणाचा निकाल आपण पुरावा गिळल्यामुळेच लागला, हे म्हस्कूला समजावू लागले. मग पोटावर हात ठेवून ते घाईनं परसाकडे गेले.

संध्याकाळी अप्पा आले, ते ओबोची रिकामी पेटी काखेत घेऊनच. वाद्य परत न्यायची तयारी होती. मनिषानं फुंकलं. बदक. पुन्हा फुंकलं. हवा. तेव्हा छबूबाई तिच्याजवळ जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या. तिसऱ्या खेपेला सूर लागला, लांब, सरळ, आणि तो संपेपर्यंत दारातला म्हस्कू श्वास घ्यायचा विसरला.

अप्पांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी पेटी तिच्यापुढे सरकवली. “ठिवून घे. वाद्य उघड्यावर ठिवत न्हाईत.”

मग ते एसटीच्या थांब्याकडे निघाले. म्हस्कू त्यांना सोडायला गेला. वाटभर अप्पांना मोकळ्या हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. शेवटी त्यांनी एक हात म्हस्कूच्या खांद्यावर ठेवला आणि गाडी येईपर्यंत काढला नाही.