नृसिंहरावांचं जावळ

भार्गवीच्या साखरपुड्यात फोटोग्राफरने सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि नवरीच्या वडिलांकडे बोट करून तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही जरा मागच्या रांगेत जाता का? डोक्यावर लाइट चमकतोय."

नृसिंहराव नेवासकर मागे गेले. वय चौपन्न, नगरच्या कोर्टात वरिष्ठ लिपिक, आणि कानांच्या वर दोन्ही बाजूंना उरलेली केसांची तुरळक झालर. फोटो आले तेव्हा त्यांत ते सापडेनात. शेवटी व्याही वैजनाथरावांच्या खांद्यामागे एक कान दिसला, तो त्यांचा निघाला.

"लग्नाला चार महिने आहेत," ते दमयंतीबाईंना म्हणाले. "लग्नाच्या फोटोत मी पुढच्या रांगेत असणार. केसांसकट."

"कोणाच्या?" दमयंतीबाईंनी विचारलं.

सावेडीतल्या डॉक्टरांनी भिंगातून डोकं पाहिलं. "आहेत ते टिकवू," ते म्हणाले. "गोळ्या नियमित घ्या, नीट जेवा, वेळेवर झोपा. नवे आले तर आनंद माना." यातलं 'आले तर' एवढं सोडून नृसिंहरावांनी बाकी सगळं पाळलं आणि वर पदरचंही घातलं. सकाळी कांद्याचा रस, दुपारच्या डब्यात शेवग्याची भाजी आणि तिळाची चटणी, संध्याकाळी शिकेकाई, झोपताना माका आणि जास्वंदीचं तेल. उशीचे अभ्रे हिरवे झाले. दमयंतीबाईंनी उशा वेगळ्या केल्या.

घोडेगावहून कांद्याची गोणीच आली. कोर्टात त्यांच्या टेबलापाशी उभ्या राहणाऱ्यांचे डोळे पाणावू लागले. घटस्फोटाची तारीख घ्यायला आलेलं एक जोडपं शेजारी शेजारी उभं राहून इतकं रडलं, की समेट करून एकाच रिक्षाने घरी गेलं. वकील चिडले. साहेबांनी नृसिंहरावांचं टेबल खिडकीपाशी हलवलं. टेबल हललं, निर्धार हलला नाही.

तिसऱ्या महिन्यात दाढी करता करता बन्सी न्हावी थबकला.

"सायेब, हालू नगा. हितं लव हाय."

"केस म्हण, बन्सी."

"व्हतील की केस. दम धरा." त्याने बाकावरच्या दोन गिऱ्हाइकांना बोलावून खात्री करून घेतली. "हाय ना ओ? का मलाच दिसतंय?"

पंधरवड्यात टाळूवर दोन बोटं रुंदीचा पट्टा उगवला. "मक्याच्या कणसाला याहून जास्त असतात," दमयंतीबाई म्हणाल्या. पण नृसिंहरावांनी त्या पट्ट्यासाठी कंगवा विकत आणला आणि नेवाशाला बनूआत्याला फोन लावला. आईवडील लवकर गेल्यावर याच आत्याने त्यांना वाढवलं होतं. तिला स्वतःचं मूलबाळ नव्हतं.

"आले?" आत्या ओरडली. "तरी म्हटलं, देवी ऐकल्याशिवाय राहायची नाही! मग कधी येतोस जावळ काढायला?"

"कोणाचं जावळ?"

"तुझं. साखरपुड्याहून आले त्याच दिवशी नवस बोललेय. नृसिंहाच्या डोक्यावर केस येऊ देत, पहिलं जावळ तुझ्याच पायाशी."

"आत्या, ते कांद्याने आले!"

"आणि कांदा कोणी दिला?"

नृसिंहरावांनी हातातला नवा कंगवा खिशात ठेवला.

"नवस अंगावर ठेवून कन्यादान करू नये बाबा," आत्याचा आवाज एकदम मऊ झाला. "ये. मी काय आता, आज आहे उद्या नाही."

लग्नाला आठ दिवस उरले असताना नृसिंहराव बन्सीला घेऊन नेवाशाला गेले. प्रवरेच्या घाटावर वस्तरा लावताना बन्सीला गहिवरून आलं. "सायेब, माज्याच हातानं जपलं, आन् माज्याच हातानं..." पट्टा गेला. त्याच्या जोडीला कानांवरची जुनी झालरही गेली.

नेमके तेव्हा वैजनाथरावांचे नेवाशातले शेजारी सूर्यभान घाटावरून चालले होते. त्यांनी पाहिलं : नदी, ओलं धोतर, तुळतुळीत डोकं. अशा वेळी माणसाने जवळ जाऊन काय बोलायचं? त्यांनी लांबूनच दुःखाने हात जोडले. नृसिंहरावांनीही तितक्याच दुःखाने जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजनाथराव गुरुजींना घेऊन नगरला दारात हजर.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग हे डोकं?"

केसांसाठी केस दिले, हे व्याह्यांना कसं सांगायचं? "उन्हाळा फार आहे," नृसिंहराव म्हणाले.

"व्याहीबुवा, लपवू नका. सुतकात लग्न लावता येत नाही. पुढे ढकलू. मुलं काही पळून जात नाहीत."

आतल्या खोलीत भार्गवीच्या हातून पातेलं पडलं. दमयंतीबाईंनी चहा आणून ठेवला. गुरुजींनी सुतकाच्या घरातल्या त्या कपाकडे नुसतं पाहिलं, उचलला नाही.

"आईवडील यांचे पूर्वीच गेले," गुरुजी बोटं मोजत म्हणाले. "राहता राहिल्या आत्या. त्यांचं करणार हेच."

"आत्या ठणठणीत आहे! थांबा, फोन लावतो." फोन लावला. कोणी उचलेना. पुन्हा लावला. "हे बघा, वाजतोय," नृसिंहराव म्हणाले.

"वाजणारच," गुरुजी खिन्नपणे म्हणाले. "फोनला काय कळतंय."

आतून भार्गवीचा हुंदका ऐकू आला, तशी नृसिंहरावांनी लाज गुंडाळून ठेवली. कांदा, माका, दोन बोटं पट्टा, नवस, सगळं सांगितलं. मग पुरावा म्हणून नवा कंगवा आणून दाखवला.

वैजनाथरावांनी गुरुजींकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "फारच मनाला लावून घेतलंय यांनी."

तेवढ्यात दार ढकलून बनूआत्या आत आली. हातात पिशवी, पिशवीत कोहळा. "मेली ती एसटी! आणि घाईत फोन घरीच राहिला. अगंबाई, पोर का रडतेय? कोण गेलं?"

"तू," नृसिंहराव म्हणाले.

गुरुजींनी कप उचलला आणि गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

आत्याने मग खणखणीत आवाजात नवसाची हकीकत सांगितली. "एवढे दाट आले होते हो पोराला! पण एक केस मागे ठेवला नाही. सगळे देवीला!" तिने ते केस पाहिले नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन लग्नानंतर करायचं ठरलं होतं.

वैजनाथरावांचा हात नकळत स्वतःच्या डोक्याकडे गेला. तिथे डाव्या कानावरचे केस मोठ्या कष्टाने उजव्या कानापर्यंत आणलेले होते.

"चार महिन्यांत?" त्यांनी विचारलं. "कांदा पांढरा की लाल?"

लग्नात कार्यालयभर तीच चर्चा. "खांद्यापर्यंत होते म्हणे." "लेकीच्या सुखासाठी दिले हो." बायका आदराने त्या डोक्याकडे पाहत होत्या. कन्यादानाच्या वेळी वऱ्हाडातल्या पहिल्या चार रांगांचे डोळे घळाघळा वाहू लागले. इतकी हळवी सासरची माणसं कोणी पाहिली नव्हती. नृसिंहरावांनी मात्र वास ओळखला. लालच होता.

फोटोसाठी मंडळी उभी राहिली. "आजोबा, जरा मागच्या रांगेत," फोटोग्राफर म्हणाला. नृसिंहराव सवयीने वळले.

"तुम्ही नाही साहेब! तुम्ही नवसाचे, तुम्ही पुढेच. ते शेजारचे."

कार्यालयातल्या पंख्याने वैजनाथरावांचे केस पुन्हा डाव्या कानाकडे पाठवले होते. ते मुकाट्याने मागे गेले.

सगळं आटोपल्यावर दमयंतीबाईंनी विचारलं, "गोणीत बरेच कांदे उरलेत. उद्यापासून पुन्हा रस काढू ना?"

नृसिंहरावांनी गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"नको," ते म्हणाले. "आत्ता कुठे केस दाट झालेत."