विषाचा प्याला, दुधाचा फेस

“आप्पा, राणी मेलीय तुमची! जरा रडा की!” नाटक बसवणाऱ्या संयोगिता मॅडम वैतागल्या.

कृष्णातआप्पांना रडायचंच होतं. त्यासाठीच तर त्यांनी राजाचं काम घेतलं होतं. बायको, तानाबाई, गेली तेव्हा ते दवाखान्याखाली औषध आणायला गेले होते. बोलायचं राहिलं ते राहिलंच, आणि डोळ्यांतून टिपूसही आलं नाही. या जुन्या शोकनाटकात राजा मेलेल्या राणीशेजारी विष पितो, तिच्याशी पानभर बोलतो आणि मरतो. निदान दुसऱ्याच्या शब्दांत तरी बोलून होईल, असं आप्पांना वाटलं. पण शब्द होते ‘हे प्राणवल्लभे, हे चंद्रानने’. तानाबाईला अशी हाक मारली असती, तर तिनं आधी कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

कुस्तीच्या तालीम मंडळाच्या वर्धापनदिनाला प्रयोग लागला. विषाच्या प्याल्यात पाणी ठेवायचं ठरलं होतं. ते अध्यक्ष पृथ्वीराजला पटलं नाही.

“आमच्या तालमीचा राजा नुसतं पाणी पिणार? अब्रू हाय का न्हाय मंडळाला?”

त्यानं दूधकट्ट्यावर जाऊन समोर म्हैस पिळून घेतली आणि प्याला काठोकाठ भरला.

आप्पांनी प्याला तोंडाला लावला. दूध! जुना पैलवान दूध अर्धं ठेवत नाही. एका दमात प्याला रिकामा झाला, आणि मिशीवर फेसाचा पांढरा पट्टा उमटला.

“वाढा की आणि एक!” मागून आरोळी आली. मांडव खदखदला.

आप्पांनी सवयीनं मान वळवली. घरी दूध पिऊन झालं की तानाबाई पदरानं त्यांची मिशी पुसायची. पदर आला नाही. पाठ केलेलं पानच्या पान डोक्यातून उडालं.

ते राणीजवळ खाली बसले.

“गेलीस व्हय गं? मी गोळ्या आणाय गेलतो. रांग हुती. जरा थांबायचंस की. भाकरी मीच करतोय आता, जाड हुत्यात. म्हशीला बी तुझीच सवय, मला लाथ घालती. कधी म्हटलं न्हाय, पर तू घरात असलीस की मला बरं वाटायचं. एवढंच हुतं बघ.”

राणी झालेली शेजारची सून वर्षाराणी डोळे मिटून पडली होती. तिच्या गालावरून पाणी ओघळलं, मग हुंदका फुटला.

“जित्ती हाय की ही!” पुढच्या रांगेतल्या बयाबाई ताडकन उठल्या. “ऊठ गं भवाने! जन्मात बोलला नसंल तेवढं बोलला गडी, आन् तू पडून ऱ्हातीस?”

वर्षाराणी दचकून उठून बसली. शिट्ट्यांनी मांडव दणाणला.

“आप्पा, मरा आता!” मॅडम विंगेतून ओरडल्या. “विष प्यालाय तुम्ही!”

“आता कशाला मरू? उठली की ती!”

पडदा पडला. त्यामागं आप्पा मिशीसकट भिजेपर्यंत रडले.

दुसऱ्याच दिवशी कागलच्या मंडळाचं बोलावणं आलं. मॅडमनी बजावलं, “तिथं लिहिलंय तसंच करायचं. प्याल्यात पाणी, आणि राणी शेवटपर्यंत मेलेली.”

“मग दुसरा राजा बघा, मॅडम,” आप्पा म्हणाले. “मेलेली मी एकदा बघितलीया. बास की.”