वैयक्तिक किल्ल्यांवरील सही बंद करण्याबाबत

कोणतीही सेवा बंद करायची, तर आधी ती सुरू असावी लागते. आमच्या कक्षाने ही अट बारा वर्षे कशीबशी पूर्ण केली.

सेवा अशी. ईमेल वाटेत कोणी वाचू नये म्हणून ते कुलूपबंद करता येते. त्याची किल्ली तुमच्या संगणकात असते. पण ती तुमचीच कशावरून? म्हणून संस्थेच्या सभासदाने ओळखपत्र घेऊन माझ्या खिडकीशी यायचे. मी चेहरा फोटोशी ताडून बघायचो, किल्लीची चाळीस अक्षरे मोठ्याने वाचायचो आणि तिच्यावर संस्थेची संगणकीय सही करायचो. सही वर्षभर चालायची. (चेहरा ताडायला सरासरी नऊ मिनिटे. फोटोत कोणीच स्वतःसारखे दिसत नाही.)

बारा वर्षांत एकतीस किल्ल्यांवर सह्या झाल्या. पैकी सव्वीस आमच्याच कक्षातल्यांच्या. चौघांनी ‘चाचणी’ एवढाच मजकूर कुलूप लावून एकमेकांना पाठवला. उरल्या एक निवृत्त ग्रंथपाल बाई. घरातला संगणक मुलगा, सून, नातू सगळ्यांचा. दुखण्याचे खरे काय ते बाई फक्त परदेशातल्या बहिणीला लिहीत. बहीण सीमाशुल्क खात्यातून निवृत्त झालेली. चालू सही नसलेले पत्र ती उघडत नसे.

यंदा बाई नूतनीकरणाला आल्या, तेव्हा मी सहीचा पासवर्ड विसरलो होतो. यात निष्काळजीपणा नव्हता. पासवर्ड मी जपून ठेवला होता, स्वतःलाच पाठवलेल्या कुलूपबंद ईमेलमध्ये. ते उघडायला तोच पासवर्ड लागतो.

“पुढच्या आठवड्यात या,” मी म्हणालो.

“मंगळवारी ऑपरेशन आहे माझं. घरी साधी तपासणी सांगितलीय. ताईला तरी खरं कळवू दे.”

“धोरणात्मक अडचण आहे.”

“विसरलात ना?”

(हे विधान नोंदवायला अर्जात रकाना नाही.)

विसरलो असे वर कळवणे पदाला शोभले नसते. मी टिपण सादर केले की सेवेला मागणी नाही. साहेबांनी विचारले, “अशी सेवा आहे आपल्याकडे?” आणि ती बंद करायला मंजुरी दिली.

लगेच सात हजार सभासदांसाठी ईमेल लिहिले: वैयक्तिक किल्ल्यांवर सही करणे बंद होत आहे. हरकत असल्यास सोमवारपर्यंत ओळखपत्राची प्रत, जन्मतारीख आणि आईचे नाव पाठवावे.

“आणि हरकत नसेल तर?” साहेब म्हणाले.

तर तेही याच कागदपत्रांसह कळवावे, अशी मी भर घातली आणि ईमेल पाठवले. ईमेलवर सही नव्हती. सही बंद झाली होती.

बाईंचा फोन आला. “हे पत्र तुम्हीच पाठवलंत कशावरून?”

“बाई, मीच बोलतोय ना.”

“मी म्हणजे कोण?”

हा प्रश्न बारा वर्षे मी लोकांना विचारला होता. मला कोणी विचारेल, अशी तयारी नव्हती. मी किल्लीची अक्षरे म्हणून दाखवू लागलो. अकराव्याला त्यांनी फोन ठेवला. ओळखपत्र न जोडल्यामुळे त्यांची हरकत फेटाळण्यात आली.

मंगळवारी खिडकी बंद झाली. बाईंनी बहिणीला कळवले का, कसे कळवले, मला ठाऊक नाही. (संस्थेच्या इतिहासात खरोखर गुप्त राहिलेली ही एकमेव गोष्ट.)

बाकी सभासदांपैकी चार हजार दोनशे अठरा जणांनी ओळखपत्र, जन्मतारीख आणि आईचे नाव बिनतक्रार पाठवले. मी कोण, असे त्यांतल्या एकानेही विचारले नाही. तुमची कागदपत्रे पहिल्या तासातच आली. पोचल्याचा निरोप मिळाला नाही म्हणून तुम्ही ती पुन्हा पाठवलीत.