बोरकुटेकाकांचा अवग्रह

हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचे तरी सासरे वारल्याची बातमी आली. खाली एका वहिनीनं लिहिलं, "अरेरेSS, फार वाईट झालं!" पाठोपाठ बोरकुटेकाका हजर: "कोड चुकला. हा इंग्रजी एस आहे. अवग्रह टाका." श्रद्धांजली त्यानंतर.

आवाज लांबवायचा असला की अक्षरापुढे जे नागमोडी चिन्ह देतात, तो अवग्रह. दिसायला इंग्रजी एससारखाच, म्हणून सारं जग एस टाकून मोकळं होतं. पण कॉम्प्युटरच्या पोटात दोघांचे कोड वेगळे, आणि काकांचा जीव त्या कोडात अडकलेला. इथल्या स्टील प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसातून रिटायर झालेला हा माणूस नेहरू नगरातल्या टायपिंगच्या दुकानात शिरून वाद घालायचा. दुकानदार म्हणे, "अंकल, दिखता तो सेम है." झालं! काका हिंदी सोडून सरळ घरच्या मराठीवर यायचे. "तोंड सारखं दिसते म्हनून शेजाऱ्याले आपल्या ताटावर बसवतं का बे?"

काका दिसले की लोक रस्ता बदलत.

यंदा मंडळाची स्मरणिका छापायची नाही, फोनवरच पाठवायची असं ठरलं. तीत सुमनकाकूंची, म्हणजे काकांच्या बायकोची, भुलाबाईची गाणी घेतली होती. प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टर २ मधल्या दोन पिढ्यांच्या पोरींना काकूंनी स्वतः रचून शिकवलेली गाणी. त्यांत हाकाच हाका, म्हणून अवग्रहच अवग्रह. काकांनी सगळं स्वतः टाइप करून दिलं. स्मरणिकेची मांडणी करणारा तोच दुकानदार कार्यकारिणीच्या मीटिंगमध्ये म्हणाला, हे चिन्ह आमच्या फॉन्टमध्ये चौकोन होऊन येतं.

"टाक एस," अध्यक्ष म्हणाले. "कोन पायते?"

काका भांडले नाहीत. चक्क हात जोडले. "साहेब, दोन दिवस थांबा ना. मी फॉन्ट बदलवून आनतो."

"बोरकुटे, तुमाले दुसरं काम नाही का?"

सगळे खदाखदा हसले. कार्यकारिणी म्हणे! समोशांचा रंग बिघडला असता तर यांनी मीटिंग पुढं ढकलली असती.

स्मरणिका आली त्या दिवशी मी काकांकडे गेलो. काकूंचे डोळे शुगरनं गेले, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या अजून काही वाचत असतील, हे मात्र एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. फोन त्यांना वाचून दाखवायचा.

"मी वाचून देल्लं का सुमन रडते," काका दारातच कुजबुजले. "फोननं वाचलं का म्हनते, आज मी वाचलं. खरा अवग्रह असला का फोन गप रायते. एस असला का एस म्हनते. आता सांग, कावून भांडतो मी?"

आत काकूंनी फोन सुरू केला होता. त्यातली बाई कोरड्या आवाजात त्यांचंच गाणं वाचू लागली, "भुलाबाई गं एस एस, अंगणी ये गं एस एस..."

काका पहिल्या एसला खोकले. दुसऱ्याला आणखी जोरात.

"खोकू नका," काकू म्हणाल्या. "आयकलं मी."

त्यांनी चाचपडत फोन बंद केला आणि काकांच्या दिशेनं सरकवला. "घ्या. इथून पुढं तुमीच वाचत जा."

"मी दुरुस्त करून देतो ना, सुमन. आजच करून देतो," काका म्हणत राहिले. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.