छटा क्रमांक तीन

जगात जे खरोखर काम करतं, ते बहुधा डोळ्यांना दिसत नाही. उदाहरणार्थ हवा, जीवनसत्त्वं आणि वायरमन. म्हणूनच न दिसणाऱ्या गोष्टींवर लक्ष ठेवायला समिती लागते. हा सिद्धान्त मी मधली पाखाडी सुपारी बागायतदार मंडळाचा चिटणीस या नात्याने, एकोणीस वर्षांच्या अनुभवावरून मांडत आहे. (त्यांतली सात वर्षं मंडळाची सभा गणपूर्तीअभावी तहकूब होती. अनुभव चालू होता.)

मधली पाखाडी श्रीवर्धनपासून एसटीने वीस मिनिटांवर. चौदा वाड्या आणि अकराशे पोफळी. पोफळीचा वैरी म्हणजे कोळे रोग. पावसात घडांना बुरशी धरते आणि कोवळ्या सुपाऱ्या टपाटप गळतात. त्यावर आजोबांच्या काळापासून एकच उपाय होता: मोरचूद आणि चुना कालवून मृगाआधी एकदा आणि जुलैत एकदा घडांवर मारायचं. या औषधाचा मुख्य गुण बुरशी मारणं हा नव्हता. ते निळं होतं, हा होता. पोफळ साठ फूट, मालक पाच फूट पाच इंच. मालकाने झोपाळ्यावर बसल्याबसल्या मान वर करावी, घड निळा दिसावा आणि मान खाली आणावी, की पीकसंरक्षण पूर्ण झालं. घडाबरोबर केळीची पानं, दोरीवरची धोतरं आणि फवारणारा माणूसही निळा व्हायचा, त्यामुळे शंकेला जागा उरत नसे.

फवारणारा माणूस म्हणजे रावजी पाडेली. पाखाडीत झाडावर चढणारा आता तो एकटाच. (बाकीच्या पाडेल्यांची मुलं नवी मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतात. वर जाण्याची परंपरा टिकून आहे.) पायात दोरीचा फास अडकवून रावजी वर जातो, खाली त्याचा मेहुणा दादू पंप मारतो. चौतीस वर्षं रावजी झाडावरून उतरून मालकासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "झालं." मालक म्हणतो, "बरं." एवढंच. ना अर्ज, ना पोचपावती. इतकी वर्षं एक काम मंडळाला न विचारता नीट चालू होतं, ही गोष्ट चिटणीस म्हणून मला नेहमीच खटकत असे.

मग एप्रिलमध्ये विनेश आला. पनवेलचा तरुण, पाठीवर बॅग, बॅगेत बाटल्या.

"काका, हे नॅनो कॉपर," तो सभेत म्हणाला. "पार्टिकल एवढा बारीक, एवढा बारीक, की डायरेक्ट बुरशीच्या आत घुसतो. एका पंपाला फक्त दोन झाकणं. मोरचूद कालवायची झंझटच नाय."

"दिसतो का?" आमचे अध्यक्ष दादा म्हणाले. दादांच्या दोनशे चाळीस पोफळी, त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी त्यांचाच असतो.

"नाय ना! तीच तर खासियत आहे. केसाच्या जाडीत हजारो बसतात."

दादांच्या डोक्यावर उदाहरणापुरताही केस नसल्याने तो त्यांच्या नातीच्या, आश्लेषाच्या, वेणीतून मागवण्यात आला. सर्व सभासदांनी केस उजेडात धरून पाहिला. कण कुणालाच दिसले नाहीत, म्हणजे विनेशचं म्हणणं सिद्ध झालं. ठराव एकमताने मंजूर झाला आणि प्रत्येक वाडीला एकेक बाटली देण्यात आली. कडेच्या वाडीच्या अनुसूयाबाई तेवढ्या म्हणाल्या, "औषध चांगलं वाटतंय. रावजीला माप नीट समजावून सांगा, बाकी तो बघेल." बाई हायस्कुलात विज्ञान शिकवत, निवृत्तीनंतर आता त्रेचाळीस पोफळी सांभाळतात. त्यांचं वाक्य ठरावाच्या स्वरूपात नसल्याने इतिवृत्तात घेता आलं नाही.

पहिल्या दिवशी रावजीने दादांच्या वाडीत अकरा झाडं मारली. उतरला, समोर उभा राहिला. "झालं."

दादांनी मान वर केली. घड हिरवे होते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा मान वर केली. घड हिरवेच होते. रावजीही स्वच्छ होता.

"काय झालं?" दादा म्हणाले.

"औषद मारून झालं, दादा."

"कुठे आहे?"

"घडावर हाय. दिसत न्हाय, त्याला मी काय करू?"

"रावजी, तू वर बसून समुद्र बघत नव्हतास हे कशावरून?"

रावजीने पायातला दोरीचा फास सोडून हातात घेतला. चौतीस वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला वाईट वाटलं. पण चिटणिसाला वाईट वाटल्याची नोंद कुठे करावी, याचा रकाना आमच्या वहीत नाही.

त्याच संध्याकाळी 'अदृश्य फवारणी पडताळणी उपसमिती' स्थापन झाली. साक्षीदार म्हणून प्रथम दादूचा विचार झाला, कारण पंपात काय गेलं हे त्याने पाहिलं होतं. परंतु तो रावजीचा मेहुणा असल्याने त्याची साक्ष बाद ठरली. (कुणाचाच मेहुणा नसलेला साक्षीदार पाखाडीत शोधूनही मिळाला नाही.) मग असं ठरलं, की फवारणीनंतर एका निरीक्षकाने झाडावर चढून प्रत्यक्ष पाहणी करावी. निरीक्षकपदाची पात्रता: साठ फूट चढता येणं. पात्र उमेदवार: एक. अशा रीतीने रावजीने फवारलेल्या झाडांची तपासणी करण्यासाठी रावजीची नेमणूक झाली. निःपक्षपातीपणासाठी दुसऱ्या खेपेला त्याने वेगळी टोपी घालायची होती.

तिसऱ्याच झाडावर, टोपी डोळ्यांवर आल्याने, निरीक्षक घसरला. तीस फूट खोडाला घासत खाली आला. हाडं शाबूत राहिली, पण दोन्ही नडग्या आणि एक मांडी सोलून निघाली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर भार्गवी यांनी जखमा धुतल्या आणि चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचं मलम लावलं. तेही पाण्यासारखं. उपसमिती भेटीला गेली तेव्हा दादांनी जखम बराच वेळ निरखली.

"हिला काहीच लावलेलं नाही," ते म्हणाले.

"लावलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चांदीचं आहे."

"चांदी चकाकते."

"एवढी बारीक चकाकत नाही, दादा."

"मग आम्ही नोंद काय करायची?"

त्यावर डॉक्टरीणबाईंनी जे सुचवलं, ते इतिवृत्तात बसणारं नव्हतं. बाराव्या दिवशी जखमा भरून आल्या. उपसमितीने नोंद केली: 'आपोआप.'

तोंडावर मृग. शेवटी वाट दादांनीच काढली, आणि ती त्यांना स्वतःच्या औषधावरून सुचली. त्यांचा मुलगा अनीश त्यांच्या गुडघ्यांसाठी मुंबईहून नॅनो हळदीच्या गोळ्या आणतो. गोळीने जीभ पिवळी होत नाही म्हणून दादा प्रत्येक गोळी घरच्या हळदीत घोळवून घेतात. (गुण येतो. हळदीला.) त्याच धर्तीवर ठराव क्रमांक दोन झाला: नॅनो औषधात कपड्यांची नीळ मिसळावी.

या निर्णयाचे इष्ट परिणाम ताबडतोब दिसले, आणि तेच हवं होतं. घड निळे झाले. केळी निळ्या झाल्या. दादांचं पांढरं मांजर निळं झालं आणि तीन वाड्यांमध्ये फिरून आल्याने तिन्ही वाड्यांसाठी पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यात आलं. वाण्याकडची नीळ संपून शाळेचे शर्ट पिवळे पडले, पण शिक्षण वाडीच्या मागून येतं. पुण्याचे पाहुणे निळ्या पोफळींखाली उभं राहून फोटो काढू लागले. "ही जात कुठली?" असं एका बाईंनी विचारलं तेव्हा "श्रीवर्धनी रोठा, निळा," असं दादांनी भारदस्तपणे सांगितलं.

निळा म्हणजे किती निळा, यावर वाद होऊ नये म्हणून मी स्वतः एक रंगतक्ता तयार केला. छटा क्रमांक एक: फिकट, अनुत्तीर्ण. छटा क्रमांक दोन: बरी, फेरतपासणी. छटा क्रमांक तीन: गडद, उत्तीर्ण. तक्ता पुठ्ठ्यावर चिकटवून प्रत्येक झोपाळ्याला टांगला. मी केलेल्या कामांपैकी एवढं उपयोगी काम दुसरं नाही.

तक्त्यामुळे एक गंभीर बाब उघडकीस आली. ज्या पंपात औषधाची पूर्ण दोन झाकणं पडत, तिथे नीळ फुटून खाली बसे आणि घड छटा क्रमांक दोनच्या वर जात नसे. एकच झाकण टाकलं की रंग सुधारे. म्हणजे पडताळणीत अडथळा आणणारा घटक औषध हाच होता. जुलैच्या फवारणीआधी मी विनेशला फोन लावून दादांच्या हातात दिला.

"नॅनोचा फायदा काय म्हणालास?" दादांनी विचारलं.

"कमीत कमी मात्रा, काका."

"मग शून्य ही सगळ्यात नॅनो मात्रा."

पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. आमच्याकडे रेंज तशी नसतेच, त्यामुळे हा होकार समजण्यात आला.

जुलैत तेरा वाड्यांत शुद्ध नीळ मारली गेली. हजाराच्या वर झाडं, झाडून सगळी छटा क्रमांक तीन. मंडळाच्या इतिहासात शंभर टक्के हा आकडा प्रथमच आला. (याआधीचा उच्चांक वार्षिक सभेच्या जेवणाचा: ब्याण्णव.) अडचण एकच आली. वहीत 'फवारणी झाली काय?' असा रकाना होता आणि त्यात रावजीने 'झालं' असं सांगून सही करायची होती. तो पेन हातात घेऊन उभा राहिला.

"निळं केलंय," तो म्हणाला.

"झालं म्हण ना," मी म्हणालो.

"निळं केलंय ते निळं केलंय म्हनतो. झालं कसं म्हनू? औषद हाय कुठं त्यात?"

"तुला चढायला सांगितलं, चढलास. शब्दाला काय एवढं?"

"माज्याकडं दुसरं काय हाय, भाऊ?"

मी रकान्यात त्याच्या वतीने 'झालं' लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे.

चौदावी वाडी अनुसूयाबाईंची. त्यांनी निळीला नकार दिला होता. मेअखेर आणि जुलैत, दोन्ही वेळा रावजीने तिथे पंपाला दोन झाकणं मोजून टाकली आणि त्रेचाळीस झाडं मारली. घड हिरवेच राहिले. उतरून तो पायरीपाशी उभा राहिला. "झालं, बाई." बाई निवडत असलेल्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "बरं. चहा घेऊन जा." उपसमितीने तक्ता लावून पाहिला आणि शेरा मारला: 'फवारणी आढळली नाही.'

ऑगस्टमध्ये सुपाऱ्या गळू लागल्या. तेरा वाड्यांत पायाखाली निळ्या सुपाऱ्यांचा थर बसला. निळं मांजर त्यावरून घसरू लागलं. अनुसूयाबाईंच्या वाडीत घड जागच्या जागी होते. मंडळाने चौकशी केली आणि अहवाल लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. निष्कर्ष असे: नियमानुसार फवारलेल्या तेरा वाड्यांचं पीक गेलं. न फवारलेल्या एका वाडीचं आपोआप टिकलं. सबब फवारणी पिकाला घातक असल्याचं सिद्ध होतं. पुढल्या वर्षीपासून ती बंद करण्यात यावी, आणि पाडेल्याला फवारणीच्या कामातून मुक्त करण्यात यावं.

अहवाल वाचला तेव्हा रावजी दाराशी उभा होता. "बाईंच्या वाडीत मी औषद मारलंय, दादा," तो म्हणाला. "दोन येळा. मी सांगतो ना."

"पुरावा?"

"मी सांगतो ना."

दादा विचारात पडले. ते वाईट नाहीत. त्यांनी झोपाळ्यावरचा तक्ता काढून हातात घेतला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि खऱ्या काळजीने विचारलं, "रावजी, शब्दाची छटा कुठली?"

रावजीने त्याच संध्याकाळी दोरी गुंडाळली. तो आता आगरदांड्याच्या बाजूला कामाला जातो. पाखाडीत येतो तो फक्त बाईंच्या वाडीत. चढतो, उतरतो, एक शब्द बोलतो आणि चहा पितो. आमच्या तेरा वाड्यांत नारळ उतरवायलाही कुणी नाही, ते आपले आपण पडतात. दादा बाहेर निघताना डोक्यावर टोप घालतात. त्या दिवशी मी रावजीच्या बाजूने बोलायला हवं होतं. मला सगळं माहीत होतं. पण मला माहीत असणं हेही दिसणारं नव्हतं.

वाचकांपैकी काहीजण आम्हाला हसत असतील. जरूर हसा. फक्त हसून झाल्यावर, गेल्या निवडणुकीत मत देऊन आल्यावर काढलेला फोटो फोनमध्ये असेल तर उघडून पाहा. मत कुणाला दिलंत, दोन मिनिटं तरी विचार केला होतात की नाही, पुढे त्या माणसाला पाच वर्षांत काही विचारलंत की नाही, यातलं काहीच त्यात दिसत नाही. शाईचं बोट मात्र छान आलं आहे. मी तक्ता लावून पाहिला. छटा क्रमांक तीन. उत्तीर्ण.