बघायचं कुठल्या मशीनवर?

बापूसाहेबांच्या अंगणात आता फक्त सुपारी फुटायची राहिली होती. भिगवणची पाहुणेमंडळी सतरंजीवर बसली होती, आतून शिऱ्याचा वास सुटला होता, आणि नवऱ्यामुलाचे चुलते रावजी हातात बत्ता घेऊन मानकऱ्याच्या थाटात बसले होते. सुपारी फुटली की मनिषाचं लग्न भिगवणच्या सिद्धूशी पक्कं. नेमकी तेव्हाच दारात जीप थांबली आणि शेळगावचे सर्जेराव बायकोला, कुशाबाईंना घेऊन उतरले. हातात नारळ आणि पेढे.

"या, या," बापूसाहेब म्हणाले. "आज केंद्र बंद हाय, पण चहा घ्या."

"केंद्रात काम न्हाय आमचं," सर्जेराव ऐसपैस बसत म्हणाले. "तुमच्या मनिषाला बघाया आलोय. पोराचा फोटो आणलाय."

रावजींचा बत्ता जागच्या जागी थांबला.

बापूसाहेबांचं बारामतीत घरातच वधू-वर सूचक केंद्र होतं. सत्त्याण्णव साली त्यांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला. बाजारच्या दिवशी त्याच्यापुढं एवढी झुंबड उडायला लागली, की त्यांनी आणखी दोन घेतले. एक ठेवला भिगवणला, सिद्धूच्या एसटीडी बूथमध्ये. दुसरा शेळगावात, पिठाच्या गिरणीशेजारी. नियम सोपा होता. नाव लिहायचं ते बारामतीच्या मोठ्या मशीनवरच. बघायचं मात्र ज्यानं त्यानं आपल्या जवळच्या मशीनवर. नवी नावं मनिषा दर आठवड्याला फ्लॉपीत भरून एसटीनं दोन्हीकडं धाडायची. पोचल्याचा फोन भिगवणहून सिद्धू करायचा. सुरुवातीला तो फोन 'पोचली' एवढ्यावर संपायचा, मग हळूहळू लांबत गेला. बूथ त्याचाच असल्यानं मागं रांग लागली तरी कुणाला बोलता येत नव्हतं.

फ्लॉपी नीट जाते का हे बघायला बापूसाहेबांनी पहिलं नाव घरचंच घातलं होतं, मनिषाचं. 'खोटं नाव कशाला? जमलं तर जमलं,' असा त्यांचा व्यवहार.

"बापूसाहेब," रावजी म्हणाले, "एक पोरगी किती जणांना दाखवता?"

"अवो, तुमच्याशीच ठरलंय की."

"आमी काय उगंच न्हाय आलो," कुशाबाई म्हणाल्या. "गिरणीपाशी कालच बघितलं. मनिषा बापूसाहेब, बी.कॉम. झाली हाय, सगळा स्वयंपाक येतो."

"सगळा स्वयंपाक?" आतून मनिषाच्या आईचा आवाज आला. "ह्ये कुणी लिहिलं?"

बापूसाहेब सतरंजीच्या दशा मोजायला लागले.

रावजी उठून चपला शोधू लागले. "दुसऱ्याची लग्नं जुळवणाऱ्याच्या घरात ही तऱ्हा. चल रं सिद्धू." सिद्धू उठला, पण त्याचे पाय काही हलेनात. चुलत्यापुढं तोंड वर करून बोलायची त्याला सवय नव्हती. दाराआड मनिषा उभी होती. तिला लग्न करायचं होतं ते सिद्धूशीच, आणि ते आता चपलांपाशी येऊन अडकलं होतं.

"दादा, बसा तर खरं," बापूसाहेबांनी त्यांचा हात धरला. "शेळगावच्या मशीनवर काय दिसंल त्याला मी काय करू?"

"मग मोठ्या मशीनवर बघा," रावजी म्हणाले. "तितं पोरीचं नाव असलं तर आमी निघालो. नसलं तर बसतो. मोठं मशीन बोलंल तेच खरं. बाकीची मशीनं म्हंजी ऐकीव गोष्टी."

सगळी वरात केंद्राच्या खोलीत गेली. मशीन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. मनिषानं स्वतःचं नाव टाईप केलं. पडद्यावर काही आलं नाही.

"बघा सर्जेराव," रावजी खुलले. "सोयरीक जमली, नाव काढलं. तुमच्या मशीनला पत्ताच न्हाय."

पत्ता नव्हता हे खरंच होतं. फ्लॉपीत नवी नावं जात. काढलेलीही कळवावी लागतात हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. शेळगावच्या मशीनवर त्यामुळं कुणाचंच लग्न झालेलं नव्हतं.

पण सर्जेराव सहजी हार जाणाऱ्यातले नव्हते. "पोरी," त्यांनी विचारलं, "नाव कधी काढलंस?"

मनिषानं पदर बोटाला गुंडाळला. "पहिल्याच दिवशी. फ्लॉपी एसटीत दिली आणि आल्या आल्या काढलं."

"मला न इचारता?" बापूसाहेब म्हणाले.

"तुमी घालताना मला कुठं इचारलं होतं, आबा?"

बापूसाहेब पुन्हा सतरंजी शोधू लागले, पण या खोलीत फरशी होती. सर्जेराव मात्र सावकाश रावजींकडं वळले. "मग तुमी ही पोरगी कुठं बघितली?"

रावजींनी सिद्धूकडं बघितलं. सिद्धूनं पंख्याकडं.

"भिगवणला," तो म्हणाला. "आपल्याच मशीनवर. नाव दिसलं म्हणून तर फोनवर जरा जास्त बोलाय लागलो."

"आणि बारामतीला इचारलं असतंस तर?" सर्जेराव म्हणाले.

"तर अशी पोरगीच न्हाय म्हणले असते."

 आधी कुशाबाईंना हसू फुटलं, मग आतून मनिषाच्या आईला. रावजींच्या कायद्यानं ही सोयरीक मुळात जन्मालाच आली नव्हती. ते खुर्चीवर टेकले, टोपी काढून पुन्हा घातली.

"मशीन मोठं असलं म्हणून त्याला सगळंच कळतं असं न्हाय," ते म्हणाले. "भिगवणचं बी खरं धरावं लागतं."

"मग शेळगावचं का न्हाय?" सर्जेरावांनी लगेच धरलं.

रावजींनी पुन्हा टोपीला हात घातला. 

"कारण भिगवणच्या मशीनपुढं जो बसतो," मनिषा मान खाली घालून म्हणाली, "त्याला मी हो म्हणलंय, काका."

 पोराचा फोटो सर्जेरावांनी गुपचूप खिशात घातला आणि पेढ्यांचा पुडा सोडून पहिला पेढा तिच्याच हातावर ठेवला. "आता ह्ये कुठल्याच मशीनवर नव्हतं बघ."

रावजींनी बत्ता त्यांच्यापुढं केला. "सुपारी तुमीच फोडा."

एका घावात फुटली. सिद्धू एवढ्या जोरात हसला की रावजींनी त्याला डोळे वटारले, आणि मग स्वतःच हसले.

केंद्रावर नवी पाटी लागली: 'नुसतं बघायचं असेल तर जवळच्या मशीनवर बघा. पेढे घेण्याआधी बारामतीला विचारा.' ती वाळायच्या आत सर्जेराव मुलाचं नाव घालायला हजर झाले.

"लिही हितं," ते मनिषाला म्हणाले. "पण बघणार आमी शेळगावातच."

"काका, तितल्या निम्म्या पोरींची लग्नं झालीत."

"ठाऊक हाय," सर्जेराव म्हणाले. "भिगवणकरांनी तरी काय मोठ्या मशीनवर असलेलीच पोरगी नेली?"