सदतीस मुद्द्यांची व्हॅन

सेकंडहँड गाडी घेताना लोक फसतात ते नशिबामुळे नव्हे, मोजमाप न केल्यामुळे, असं दीक्षा तायडेचं ठाम मत होतं! मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. दूध उतू जायची वेळसुद्धा ती सेकंदांत सांगायची, आणि मग ते सांगण्याच्या नादात दूध उतू जायचं. गाडीसाठी तिनं सदतीस मुद्द्यांचा तक्ता केला होता. प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. साठ टक्क्यांच्या वर गाडी पास, खाली नापास. वशिला नाही, दया नाही!

घाई मात्र जबरदस्त होती. चांदूर बाजारच्या एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. शेतोशेत फिरून नमुने आणायचं काम. साहेबांनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "सोमवारी दहा वाजता चारचाकीसकट हजर व्हा. नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार तयारच आहे." आज शनिवार. जवळ दीड लाख. अमरावतीतल्या अकरा गाड्या एकामागून एक नापास झालेल्या. एकीचं दार उघडलं ते हातातच आलं. दुसरीच्या मागून काळाकुट्ट ढग निघाला, तर मालक म्हणतो, "धूर नाही जी, वाफ हाय!"

म्हणून बापलेक सकाळी अकोल्याला खुशालरावांच्या दारात उभे होते. खुशालरावांचा पाय प्लास्टरमध्ये आणि व्हॅन अंगणात.

"एकच मालक, घरगुती वापर," खुशालराव खाटेवरूनच म्हणाले. "देवदर्शन सोडून ही गाडी कुठं गेलीच नाही!"

दीक्षानं मीटर पाहिला. एक्केचाळीस हजार दोनशे. दरवाजा ओढून पाहिला. सरकेना. तिनं दहापैकी दोन दिले.

"पोरी, बयाना देऊन टाक," तिचे वडील डोमाजी कानाशी लागले. "दहा हजार ठेव हातावर. बोलणं पक्कं होते."

"बाबा, निष्कर्षाआधी बयाना? असं कुठं असते का?"

"बाजारात असंच असते!"

पण दीक्षानं ऐकलं नाही. स्वतःचं आधार कार्ड खुशालरावांच्या उशाला ठेवलं आणि चावी घेतली. बेत साधा होता. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, सव्वीस किलोमीटर बाळापूर, तेवढंच परत, पुन्हा काठोकाठ भरायची. ॲव्हरेज दशांशापर्यंत कळणार! वजनसुद्धा लिहून ठेवलं. दीक्षा बावन्न, डोमाजी एकाहत्तर.

तिनं फक्त एक गोष्ट हिशेबात धरली नाही. डोमाजी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते.

रिधोऱ्याच्या पुढं पहिली ब्रेक चाचणी. वेग तीस. दीक्षानं कचकन ब्रेक मारला. गाडी थांबली, छान सरळ रेषेत थांबली! "आठ लिहा, बाबा!" म्हणेपर्यंत बाजूच्या निंबाखालून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांची टोपली घेऊन एक बाई धावतच आली. दाराला खालून एक लाथ, वरून एक झटका. सकाळपासून न हललेलं दार लोण्यासारखं सरकलं, आणि बाई आत!

"थांबली एकदाची! घंटाभरापासून एसटीची वाट पाहून राहिली ना मी!"

"अहो बाई, ही टेस्ट ड्राइव्ह आहे!"

"कुठं का जाईना माय, बाळापुरावरून जाते ना?"

दीक्षा पुढं काही बोलणार, तेवढ्यात डोमाजींचा हात आपोआप टपावर गेला. ठक ठक! डबल बेल. आणि दीक्षाचा पाय, लहानपणापासून ती बेल ऐकलेला, आपोआप क्लचवरून सुटला.

"बाबा!"

"सवय हाय, बाई. काय करू?"

दुसरी चाचणी चाळीसच्या वेगाची. थांबल्याबरोबर एक नवरा-बायको पत्र्याची कोठी घेऊन चढले. तिसरी पन्नासची. खांद्यावर सतरंजीची गुंडाळी घेतलेला एक इसम, मागं दोन म्हाताऱ्या आणि एक म्हातारा. ब्रेक जितका चांगला, तितकी गर्दी जास्त! डोमाजींनी तर "सरका, सरका, मागं जागा हाय" असं सुरूच केलं होतं. म्हाताऱ्यानं चाळीस रुपये पुढं केले.

"घेऊ नका, बाबा!"

"फुकट सवारी? माह्या एकतीस वर्सांच्या नोकरीत असं झालं नाही!"

"घेऊ नका म्हटलं ना!"

आता प्रयोगाचं काय? एकशे तेवीस किलोचा हिशेब पार कोलमडला होता. शास्त्रज्ञाला एकच मार्ग असतो. दीक्षानं आरशातून मागं पाहिलं. "माफ करा, पण प्रत्येकानं आपापलं वजन सांगता का?"



"बाईमाणसाले वजन इचारते का वो!" टोपलीवाली कडाडली. तिचं नाव इंदूबाई. "लिही साठ. टोपली येगळी."

"मॅडम, माहं सतरंजीसकट सांगू का सोडून?" गुंडाळीवाल्यानं विचारलं. त्याचं नाव धर्मपाल. अकोल्यात त्याचं बिछायतीचं दुकान होतं आणि बाळापूरला एका साखरपुड्याची सतरंजी पोचवायची होती. तो पुढंच बसला होता, डोमाजींच्या मांडीवरच्या तक्त्यात मान घालून. "आन हे सारं लिहून काय करून राहिल्या तुमी?"

दीक्षाला कोणी प्रश्न विचारला की उत्तर पूर्ण दिल्याशिवाय राहवत नसे. तिनं सदतीसच्या सदतीस मुद्दे समजावून सांगितले. धर्मपाल ऐकत राहिला. मागचेही ऐकत राहिले. मग डोमाजींनी गुण मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, थांब्यांची नावं पुकारावीत तसे.

"स्टेअरिंग, आठ! गिअर, सात! हॉर्न, पाच!"

"पाचच?" म्हातारा चिडला. "या हॉर्ननं माह्या घरातली म्हैस उठते जी! वाढवा!"

"आजोबा, तुम्ही याआधी या गाडीत बसला होता?"

"बसला म्हंजे? खुशालरावाचा पुतण्या चालवे ना हिले! रोज अकोला-बाळापूर, तीन चकरा."

"मी आठ वर्सांपासून येऊन राहिली," इंदूबाई म्हणाली. "हप्त्यातून तीनदा. एक दिवस बंद नाही पडली बापा!"

दीक्षाच्या डोक्यात आकडे फिरू लागले. रिधोरा ते बाळापूर अठरा. जाऊन-येऊन छत्तीस. आठवड्याला तीनदा, वर्षाचे बावन्न आठवडे, आठ वर्षं. चव्वेचाळीस हजार नऊशे अठ्ठावीस! मीटर म्हणतो एक्केचाळीस हजार. म्हणजे एकट्या इंदूबाई गाडीपेक्षा जास्त फिरल्या होत्या!

"मालकाची विश्वासार्हता, शून्य!" दीक्षा ओरडली. "पण बाबा, आठ वर्षं बंद पडली नाही, त्याला दहा!" मागं टाळ्या पडल्या.

बाळापूर आलं, पण उतरतंय कोण? "निकाल लागू द्या," सगळे म्हणाले. किल्ल्याकडच्या चढावर हँडब्रेकची चाचणी. नऊ माणसं, एक टोपली, एक कोठी, एक सतरंजी. चढाच्या मध्यावर दीक्षानं हँडब्रेक ओढला. "कोणी हलू नका! श्वास हळू घ्या!" तेवढ्यात म्हातारा खाली उतरून चाकामागं दगड लावू लागला.

"दगड नको! दगडानं निकाल बिघडतो!"

"पोरी, दगडाबिगर आमीच बिघडू!"

दगड काढला. गाडी तसूभर सरकली नाही. दहापैकी नऊ! इंदूबाईनं सांबाराची एक जुडी डॅशबोर्डवर ठेवली आणि मगच बाजाराची वाट धरली. बाकीचेही उतरले. धर्मपाल सतरंजी पोचवून पाचच मिनिटांत परत आला. "मलेबी अकोल्यालेच जायचं हाय," म्हणाला, आणि पुन्हा पुढं बसला. वाटेत त्यानं टायर कोणत्या साली बदलावे लागतील, तेही विचारून घेतलं. दीक्षानं आनंदानं, महिन्यासकट सांगितलं.

पंपावर टाकी भरली. तीन पूर्णांक चार लिटर. ॲव्हरेज पंधरा पूर्णांक तीन, तेही जाताना नऊ माणसांनिशी! दीक्षानं बेरीज केली, पुन्हा केली, उलटी करून तपासली. तीनशे सत्तरपैकी दोनशे अडुसष्ट. बहात्तर टक्के! मीटरच्या खोटेपणाचे पंधरा हजार कापून घ्यायचे आणि गाडी न्यायची. तिनं खुशालरावांना फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

"हो जी, पाठवले. पाहा, आले का?" मागून आवाज आला. हवा भरायच्या मशीनपाशी धर्मपाल फोनवर बोलत होता. फोन ठेवून तो आला, जरा ओशाळलेला.

"मॅडम, राग नोका मानू. गाडी म्या घेतली. तक्त्यावर मालकाचा नंबर होता, बयाना पाठवला."

"तुम्ही? कशी काय? पाहिलीसुद्धा नाही तुम्ही नीट!"

"तुमी पाह्यली ना! सदतीस गोष्टी! माह्या मनात आता शंकाच नाही राह्यली."

डोमाजींनी तक्ता बॉनेटवर आपटला. "म्या काय म्हनत होतो? बयाना दे, बयाना दे! आता सोमवारी काय घेऊन जातं तू? ही बेरीज?"

दीक्षा तक्त्याकडे पाहत उभी राहिली. डोळ्यांपुढं यादीतला पुढचा उमेदवार दिसू लागला होता, चकाचक गाडीतून उतरणारा.

"सोमवारी कुठं जायचं हाय?" धर्मपालनं विचारलं. डोमाजींनी चिडून सगळं सांगितलं. धर्मपालनं डोकं खाजवलं. "मंग हेच न्या ना! लगनाचे दिवस सोडले तं मले रोज काय काम? मैन्यानं किराया द्या. टायर, इन्शुरन्स, गॅरेज, माहं."

दीक्षानं समासात आकडे मांडले. महिन्यावारी किंमत, विमा, दुरुस्ती एकीकडे, भाडं दुसरीकडे. भाडं निम्म्याच्या आत! सदतीस मुद्द्यांमध्ये 'गाडी घ्यायची का?' हा मुद्दाच नव्हता. डोमाजींनी त्यातही पाचशे कमी करून घेतले, तेव्हा कुठं त्यांचा राग उतरला.

आधार कार्ड आणायला ते खुशालरावांकडे गेले. मीटरबद्दल चार शब्द सुनवायचे, असं दीक्षानं वाटेत ठरवलं होतं. पण खुशालरावच प्लास्टरचा पाय उचलून हसत म्हणाले, "पोरी, तुह्या पायगुणानं आठ हजार जास्त भेटले मले! तो म्हने, मॅडमनं पास केली. बरं, माह्या साळ्याचं ट्रॅक्टर विकाचं हाय. येतं का तपासाले?"

डोमाजींनी डोळे वटारले. दीक्षानं ओठ घट्ट मिटले. तीन सेकंद मिटून ठेवले, अगदी मोजून तीन. मग विचारलं,

"मॉडेल कोणत्या सालचं?"